पडद्यामागचा पहारेकरी
(व्याख्यानमालेत ‘शिक्षणसंस्था आणि संगणक’ या विषयावर केलेले भाषण)



या विषयावर मी बोलावे अशी आपली आज्ञा झाली तेव्हा प्रथम मला संकोच वाटला. मी व्यवसायाने कापडाचा व्यापारी. १९८१ साली बी.कॉम. झालो तेव्हा आमच्या महाविद्यालयात संगणक नावाची वस्तू नव्हती. रोजमेळ आणि खतावणी हीच आमची यंत्रे. परंतु पुढे एका शिक्षणसंस्थेच्या व्यवस्थापन समितीवर कोषाध्यक्ष म्हणून बारा वर्षे सेवा करण्याचा योग आला. त्या काळात ज्या एका गृहस्थांच्या कामाकडे मी आधी दुर्लक्ष केले आणि नंतर ज्यांच्यापुढे मान लवविली, त्यांच्या कामाविषयी बोलावे असे मनाने घेतले. ते त्या संस्थेचे ज्येष्ठ तांत्रिक सहायक. त्यांचे आणि संस्थेचे नाव मी घेत नाही. दोष सांगावयाचा आहे तो माझा स्वतःचा आहे, आणि गुण सांगावयाचा आहे तो त्या पदावर प्रामाणिकपणे काम करणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

आपल्यापैकी बहुतेकांची समजूत अशी की, संगणक दुरुस्त करणारा माणूस म्हणजे बिघडलेले यंत्र उघडून त्यातील धूळ झाडणारा कारागीर. माझीही तीच समजूत होती. वस्तुतः या कामाच्या तीन पायऱ्या मानल्या जातात. पहिल्या पायरीवर पासवर्ड विसरला, प्रिंटरमध्ये कागद अडकला, अशा नित्याच्या तक्रारी निवारल्या जातात. दुसऱ्या पायरीवर त्याहून अवघड बिघाड शोधले जातात. तिसऱ्या पायरीवरचा ज्येष्ठ माणूस मात्र ‘काय बिघडले’ एवढेच पाहत नाही. ‘पुन्हा पुन्हा का बिघडते’ आणि ‘उद्या काय बिघडेल’ याचा विचार करतो. मध्यवर्ती संगणक म्हणजे सर्व्हर, सर्व इमारतींतून खेळविलेले जाळे, प्रत्येकाला कोणती माहिती पाहता यावी याचे अधिकार आणि सर्व माहितीच्या राखीव प्रती, ही त्याची खरी जबाबदारी.

वानगीदाखल एक प्रसंग सांगतो. दुसऱ्या मजल्यावरील इंटरनेट रोज बंद पडते, अशी प्राध्यापकांची तक्रार होती. कनिष्ठ मुलगा जाई, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करी, आणि काम भागे. आमच्या या गृहस्थांनी एक तक्रार-नोंदवही ठेवली होती. कोणतीही तक्रार आली की तारीख, वेळ, ठिकाण आणि उपाय लिहावयाचा, असा त्यांचा दंडक होता. महिन्याभराच्या नोंदी चाळल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, ही तक्रार नेहमी दुपारी साडेबाराच्या सुमारासच येते. ते त्या वेळी स्वतः वर जाऊन उभे राहिले. तेथील जाळ्याच्या पेटीचा प्लग काढून त्या जागी चहाची विजेची किटली लावली जात होती! त्यांनी कोणालाही बोल लावला नाही. किटलीसाठी वेगळा प्लग बसवून घेतला आणि पेटीला कुलूप लावले. वर्षभराची तक्रार त्या दिवशी संपली.

दुसरा प्रसंग माझ्या व्यापारी बुद्धीला लाजविणारा आहे. आमच्या दोन इमारतींत सुमारे १४० मीटरचे अंतर. दोहोंना जोडण्यासाठी मी स्वस्तातील स्वस्त दर पाहून तांब्याची केबल टाकून घेतली. जोडणी कधी चाले, कधी न चाले. शिवाय वळवाच्या पावसात वीज कडाडली की एखादी पेटी जळे. त्यांनी मला समजाविले, “शेठजी, तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर. त्यापुढे संदेश क्षीण होतो. आणि तांबे विजेचे वाहक आहे. एका इमारतीवर आलेला लोट दुसरीत जातो. दोन इमारतींमध्ये काचेच्या तंतूची केबल टाकावी. तीतून प्रकाश जातो, वीज जात नाही.” ज्याचा जन्म मीटरपट्टीने कापड मोजण्यात गेला, त्याने मीटरचाच हिशेब चुकवावा, याची मला गंमतही वाटली आणि शरमही. ऑप्टिकल फायबर टाकल्यावर तो त्रास कायमचा गेला. स्वस्त केबलचे पैसे मात्र दुसऱ्यांदा मोजावे लागले.

शिक्षणसंस्थेतील हे काम कारखान्यातील किंवा बँकेतील कामापेक्षा एका अर्थी अधिक कठीण आहे. येथील वर्षाला एक ठरावीक लय असते आणि ती कोणासाठी थांबत नाही. जूनमध्ये प्रवेश, त्यापाठोपाठ शिष्यवृत्तीचे ‘महाडीबीटी’वरील अर्ज, शाळेच्या ‘सरल’ आणि ‘यूडायस’ प्रणालींतील नोंदी, मग परीक्षा, मग निकाल. प्रत्येकाची अंतिम तारीख ठरलेली. दुकानात संगणक एक दिवस बंद राहिला तर गिऱ्हाईक उद्या येईल. परीक्षेच्या दिवशी बंद पडला तर विद्यार्थ्याचा तो दिवस परत येत नाही. २०१७ साली मुंबई विद्यापीठात उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची नवी पद्धत आणली गेली, निकाल कित्येक आठवडे रखडले, आणि अखेर त्या वर्षीच्या ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले, हे आपणा सर्वांना आठवत असेलच. यंत्र विकत घेणे सोपे; ते ऐन परीक्षेच्या भाराखाली चालेल की नाही, हे आधी तपासून पाहणारा माणूस हाताशी असणे महत्त्वाचे.

शिवाय येथे काम यंत्रांपेक्षा माणसांशी अधिक. वर्गात साठ मुले बसलेली असताना प्रोजेक्टर चालत नाही, तेव्हा शिक्षकाची जी अवस्था होते ती त्यालाच ठाऊक. आमच्या संस्कृतच्या एका ज्येष्ठ अध्यापिका संगणकाला हात लावावयास भीत असत. हे गृहस्थ त्यांच्याकडे गेले की माउस कधी स्वतःच्या हाती घेत नसत. “बाई, तुम्हीच करा, मी शेजारी उभा आहे,” असे म्हणत. कनिष्ठांनाही त्यांनी हेच शिकविले होते की, चूक झाल्यास प्रथम यंत्राला दोष द्यावा, माणसाला नव्हे. २४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि पुढे शिकविणे घरोघरी मोबाइलवर आले, तेव्हा त्याच बाईंनी संस्थेतील इतर चार शिक्षकांना ऑनलाइन वर्ग घ्यावयास शिकविले. अनेक घरांत तीन भावंडांमध्ये एकच मोबाइल, हे ओळखून या गृहस्थांनी थेट वर्गाबरोबरच धड्याचा आवाज आणि पानांची छायाचित्रे अशा हलक्या स्वरूपात साहित्य पाठविण्याची व्यवस्था केली. तंत्रज्ञान जाणणे वेगळे आणि ते कोणासाठी वापरावयाचे हे जाणणे वेगळे.

आता ज्या गोष्टीसाठी मी उभा राहिलो, ती सांगतो.

२०१८ च्या जानेवारीत या गृहस्थांनी माझ्याकडे ३८,००० रुपयांच्या खर्चाचा प्रस्ताव पाठविला. मागणी होती ती माहितीच्या राखीव प्रतींसाठी मोठ्या क्षमतेच्या हार्ड डिस्कची. त्यासोबत त्यांनी एक साधा नियम लिहिला होता. संगणकक्षेत्रात तो ‘तीन-दोन-एक’ या नावाने प्रसिद्ध आहे. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक प्रत वास्तूच्या बाहेर असावी. त्यांनी हेही लिहिले होते की, सध्याची राखीव डिस्क सर्व्हरला सतत जोडलेली असते. सर्व्हरवर संकट आले तर ते डिस्कवरही येईल.

आदल्याच वर्षी, १२ मे २०१७ रोजी, ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभर हाहाकार उडविला होता. संगणकातील माहिती कुलूपबंद करून किल्लीसाठी ३०० डॉलर मागावयाचे, अशी त्याची रीत. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांना हजारो रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ज्या फटीतून तो विषाणू शिरला ती बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, १४ मार्च रोजीच, उपलब्ध करून दिली होती. ज्यांच्याकडे ती वेळेवर बसविणारा माणूस होता, त्यांचे दार त्या विषाणूला बंद होते. हे सर्व त्या प्रस्तावात लिहिलेले होते. मी ते वाचले, आणि समासात माझ्या हस्ताक्षरात शेरा मारला: ‘तूर्त आवश्यकता नाही.’

११ जून २०१८, सोमवार. दहावीचा निकाल नुकताच लागला होता. शाळा सोडल्याच्या दाखल्यांसाठी आणि अकरावीच्या प्रवेशासाठी खिडकीपुढे रांग होती. सकाळी लिपिकाने संगणक उघडला तो एकही फाइल उघडेना. सर्वांची नावे बदललेली, आणि पडद्यावर पैशांच्या मागणीची चिठ्ठी. फीच्या पावतीचे नाव धारण करून आलेला एक ईमेल शनिवारी कार्यालयात उघडला गेला होता. कार्यालयातील संगणकांना सर्वाधिकार नसावेत, असे या गृहस्थांनी पूर्वीच सुचविले होते. ‘कामात अडथळा येतो’ म्हणून आम्हीच ते होऊ दिले नव्हते. सर्व्हर गेला, आणि त्याला जोडलेली राखीव डिस्कही गेली.

समितीची तातडीची बैठक झाली. काही सदस्यांचे मत पडले की, पैसे देऊन टाकावेत. ते शांतपणे म्हणाले, “पैसे दिल्यावर किल्ली मिळेलच याची हमी नाही, आणि एकदा देणारा पुन्हा देतो हे त्यांना कळते.” पोलिसांच्या सायबर शाखेकडे तक्रार दिली. मग ते उठले आणि दुसऱ्या इमारतीतील लेखा विभागाच्या लोखंडी कपाटातून एक जुनी डिस्क घेऊन आले. निकाली काढलेल्या संगणकातून ती काढून, प्राचार्यांची लेखी परवानगी घेऊन, ते दर महिन्याला तीवर प्रवेश, फी आणि निकाल यांची प्रत घेत, आणि ती खरोखर उघडते की नाही हे दुसऱ्या संगणकावर पडताळून मगच कपाटात ठेवीत. त्यांचे एक वाक्य मी विसरलो नाही: “शेठजी, जी प्रत परत घेऊन पाहिलेली नाही, तिला प्रत म्हणू नये.”

ती प्रत १९ मे रोजीची होती. मधल्या तेवीस दिवसांच्या नोंदी पावतीपुस्तकांच्या स्थळप्रतींवरून हाताने पुन्हा भराव्या लागल्या. त्यासाठी नऊ दिवस लागले. दोन लिपिक, ते आणि मी. मी रकमा वाचून दाखवीत असे आणि ते टंकित करीत. त्या नऊ दिवसांत त्यांनी एकदाही ‘मी सांगितले होते’ असे म्हटले नाही. म्हणाले असते तर मला सोपे गेले असते.

परंतु सर्व काही परत आले नाही. त्या जुन्या डिस्कची क्षमता लहान होती. तीत शिक्षकांच्या फाइली मावत नव्हत्या. आमच्या गणिताच्या एका शिक्षकांनी पंधरा वर्षे जमविलेले प्रश्नसंच, सोडविलेली उदाहरणे, दरवर्षी मुले कोठे चुकतात याची टिपणे, हे सर्व गेले. पुढच्याच वर्षी ते निवृत्त होणार होते आणि हे भांडार संस्थेला देऊन जाणार होते. ‘घरी ठेवू नका, संस्थेच्या संगणकावर ठेवा, तेथे सुरक्षित राहील,’ असे आम्हीच त्यांना सांगितले होते. ते माझ्याकडे आले, दोन मिनिटे बसले आणि म्हणाले, “असो. फळा आणि खडू तर आहेत.” ३८,००० रुपये वाचविणाऱ्या माझ्या त्या शेऱ्याची खरी किंमत मला त्या वेळी कळली. ती कोणत्याही ताळेबंदात मांडता आली नाही.

बंधुभगिनींनो, या पदाचे आणखी एक अंग आहे, ते म्हणजे विश्वास. पूर्वी पेढीच्या तिजोरीची किल्ली मुनीमजींकडे असे, आणि मुनीमजी कसा आहे यावर पेढीची अब्रू ठरे. आज ज्येष्ठ तांत्रिक सहायकाच्या हाती त्याहून मोठी किल्ली असते. प्राचार्यांचा पत्रव्यवहार, शिक्षकांचे वेतन, मुलामुलींचे पत्ते, त्यांचे आजार, पालकांचे उत्पन्न, सर्व त्याच्या आवाक्यात असते. अशी किल्ली भलत्याच्या हाती पडली तर काय होते, याचे उदाहरण २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेत दिसले. तेथील असंख्य शाळांची माहिती सांभाळणाऱ्या ‘पॉवरस्कूल’ या कंपनीच्या ग्राहक-साहाय्य विभागाच्या संकेतस्थळात चोरलेल्या पासवर्डने कोणीतरी शिरला, आणि लक्षावधी विद्यार्थ्यांची व शिक्षकांची खाजगी माहिती बाहेर गेली. पुढे या प्रकरणात १९ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने गुन्हा कबूल केला. आपल्याकडेही २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला असून, अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यासाठी पालकांच्या पडताळण्याजोग्या संमतीची अट त्यात घातली आहे. म्हणजे ही जबाबदारी आता केवळ नैतिक राहिलेली नाही.

आता विश्वस्त आणि दाते या नात्याने आपणापुढे तीन गोष्टी नम्रपणे ठेवतो.

पहिली गोष्ट दानाची. शाळेला संगणक देणारे दाते पुष्कळ मिळतात. त्यावर नाव लिहिता येते, उद्घाटन होते, छायाचित्र निघते. परंतु यूपीएसच्या बॅटऱ्या साधारणतः तीन-चार वर्षांनी बदलाव्या लागतात. त्यांवर कोणी नाव लिहीत नाही. राखीव प्रतींच्या डिस्कचे उद्घाटन होत नाही. संगणकाच्या प्रणालीलाही आयुष्य असते. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, विंडोज सातचा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज दहाचा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. पुष्कळ जुन्या यंत्रांवर विंडोज अकरा चालतच नाही. तेथे नवे यंत्र घ्यावे, की केरळच्या शाळांप्रमाणे लिनक्सवर आधारलेली मुक्त प्रणाली वापरावी, हा निर्णय जाणत्या माणसाला विचारूनच घ्यावा लागतो. म्हणून माझी विनंती अशी की, संगणकासाठी दान देताना त्याच्या देखभालीसाठीही काही रक्कम अवश्य बाजूला ठेवावी.

दुसरी गोष्ट अधिकाराची. ज्याला जबाबदारी देतो, त्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकारही द्यावा. खर्चाच्या प्रस्तावावर शेरा मारण्यापूर्वी त्याला समोर बसवून दोन प्रश्न विचारावेत: हे केले नाही तर काय होईल, आणि ते निस्तरण्यास किती दिवस लागतील? मी हे दोन प्रश्न त्या जानेवारीत विचारले असते, तर आज हे भाषण वेगळे झाले असते.

तिसरी गोष्ट मानाची. आमच्या संस्थेच्या वेतनपत्रकात या गृहस्थांचे पद शेवटपर्यंत ‘प्रयोगशाळा सहायक’ असेच राहिले. त्यांच्या कामाला योग्य असे पद मंजूर नव्हते आणि ते संस्थेच्या निधीतून निर्माण करावे, हे आम्हाला सुचले तेव्हा उशीर झाला होता. २०२१ साली दुसऱ्या शहरातील एका संस्थेने त्यांना पदही दिले आणि वेतनही. ते गेले. जाताना त्यांनी दोन वस्तू माझ्या हाती दिल्या. एक मोहोरबंद लिफाफा, त्यात सर्व पासवर्ड. ‘माझ्यासमोरच बदलून घ्या,’ असे म्हणाले. दुसरी एक जाड वही. कोणती केबल कोठून कोठे जाते, कोणत्या यंत्राची मुदत केव्हा संपते, कोणती प्रत कोणत्या वारी घ्यावयाची, कोणत्या शिक्षकांना काय समजावून सांगावे लागते, हे सर्व सुवाच्य अक्षरात लिहिलेले. नवा माणूस रुजू झाला त्या दिवशी दुपारपर्यंत तो कामाला लागला, तो त्या वहीमुळे.

मी आयुष्यभर खतावण्या पाहिल्या आहेत. इतकी चोख खतावणी मी क्वचितच पाहिली. तीत शिल्लक शून्य होती. त्यांनी संस्थेचे काहीही आपल्याकडे ठेवले नव्हते. आमच्याकडे मात्र त्यांचे देणे राहिले.

तरुण मित्रहो, आपल्यापैकी अनेकजण संगणकाचे शिक्षण घेत आहेत. मोठ्या कंपनीत, परदेशात जावे, ही आकांक्षा योग्यच आहे. परंतु एखाद्या शाळेत किंवा महाविद्यालयात हे काम करण्याची संधी आली, तर ती कमी प्रतीची मानू नका. जेथे सर्व सुरळीत चालते तेथे या माणसाचे नाव कोणाला ठाऊक नसते. आणि पालकहो, विश्वस्तहो, आपल्या मुलांच्या शाळेत गेलात तर मुख्याध्यापकांना भेटून झाल्यावर कधी संगणककक्षातही डोकवा. तेथे जो कोणी बसलेला असेल, त्याला नाव विचारा. ‘राखीव प्रत शेवटची कधी पडताळलीत आणि त्यासाठी आमच्याकडून काही हवे आहे का?’ एवढेच विचारा. हा प्रश्न मी पाच महिने उशिरा विचारला.